ठाणेबदली आणि घरकुल : अमेरिकेतील सैनिकांच्या हमी-कर्जाची पद्धत

सैन्यातील नोकरी आणि स्वतःचे घर यांचा मेळ घालणे कोणत्याही देशात सोपे नाही. महाराष्ट्रात सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतील सैनिकी परंपरेच्या गावांनी हा प्रश्न आपल्या रीतीने सोडविलेला आहे. घर गावी असते, शेतीवाडी व वडीलधारी माणसे तेथेच असतात, आणि सैनिक ठाण्याठाण्यांवर हिंडून अखेर निवृत्तीनंतर त्याच उंबऱ्याशी परत येतो. अमेरिकेत सहसा असे घडत नाही. तेथील सैनिकाचे कुटुंब त्याच्याबरोबर ठाण्यावर जाते, छावणीतील सरकारी निवासस्थाने सर्वांना पुरत नाहीत, आणि म्हणून बदली होईल त्या शहरात भाड्याने राहावयाचे की घर विकत घ्यावयाचे, हा प्रश्न त्या कुटुंबापुढे दर दोन-तीन वर्षांनी नव्याने उभा राहतो. तेथील संरक्षण खात्यात अशा सुमारे ४ लाख ठाणेबदल्या दर वर्षी होतात. त्यांपैकी बऱ्याच मे ते ऑगस्ट या काळात, शाळांच्या सुट्या साधून, केल्या जातात.

या प्रश्नाला अमेरिकी शासनाने दिलेले एक उत्तर म्हणजे माजी सैनिकांसाठीची गृहकर्ज हमी योजना होय. योजना माजी सैनिकांच्या नावाने ओळखली जात असली, तरी प्रत्यक्ष सेवेत असलेला सैनिकही सलग ९० दिवसांची सेवा झाल्यावर तिचा लाभ घेऊ शकतो. अशा तऱ्हेने एका जागी स्थिरावू पाहणाऱ्या निवृत्त सैनिकासाठी आखलेली योजना सतत फिरतीवर असणाऱ्या सैनिकाच्याही हाती आली. तिचे गुण आणि तिच्यातील अडचणी, दोन्ही या एका गोष्टीतून निर्माण झाल्या आहेत.

हमीची कल्पना कोठून आली

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांना १९२४ च्या कायद्याने एक विशेष मोबदला देऊ करण्यात आला होता. पण त्याची रक्कम १९४५ मध्ये मिळावयाची होती. मंदीच्या काळात काम गेलेले हजारो माजी सैनिक १९३२ मध्ये ती रक्कम आताच मिळावी या मागणीसाठी बायकामुलांसह राजधानीत येऊन बसले. त्या वर्षी २८ जुलै रोजी जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या नेतृत्वाखालील सैन्याने त्यांना हुसकावून लावले आणि त्यांच्या झोपड्या जळाल्या. देशासाठी लढलेल्या माणसांवर देशाचेच सैन्य चालून गेल्याचे ते दृश्य अमेरिकी जनता विसरली नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १ कोटी ६० लाख स्त्री-पुरुषांनी सैन्यात सेवा केली. ते सर्व एकाच वेळी परत येणार, या जाणिवेने शासन वेळीच सावध झाले, आणि २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कायद्यावर सही केली.

या कायद्याचा शिक्षणविषयक भाग सर्वत्र परिचित आहे. त्याच्या गृहकर्जविषयक भागात मात्र एक मूलगामी विचार होता. तरुण सैनिकाजवळ पगार असतो, पण साठविलेला पैसा नसतो. कारण बचत करण्याच्या वयात तो आघाडीवर असतो. बँक कर्ज देताना नेमकी ही बचतच मागते. घराच्या किमतीचा पाचवा हिस्सा रोख भरा, बाकीचे आम्ही देतो, असा तिचा व्यवहार. शासनाने स्वतः कर्ज देण्याऐवजी बँकेला असे सांगितले, की सैनिकाच्या रोख रकमेच्या जागी आमची हमी धरा. कर्ज बुडाल्यास ठरावीक हिश्श्यापर्यंतचे नुकसान आम्ही सोसू. आरंभी ही हमी कर्जाच्या निम्म्या रकमेस, पण जास्तीत जास्त २ हजार डॉलरपर्यंत होती. व्याजाचा दर ४ टक्क्यांहून अधिक असता कामा नये आणि फेड २० वर्षांत व्हावी, अशा अटी होत्या. पुढच्याच वर्षी हमीची मर्यादा ४ हजार डॉलर करण्यात आली. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे ४३ लाख सैनिकांची, एकूण ३३ अब्ज डॉलरची गृहकर्जे या हमीवर उभी राहिली होती.

या यशाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. हमी शासनाची असली, तरी कर्ज द्यावयाचे की नाही हे स्थानिक बँक ठरवीत असे, आणि त्या काळी अनेक राज्यांत बँकेचे दार कृष्णवर्णीय सैनिकाला बंद होते. १९४७ साली मिसिसिपी राज्यात या योजनेखाली दिल्या गेलेल्या ३ हजारांहून अधिक कर्जांपैकी केवळ २ कर्जे कृष्णवर्णीयांना मिळाली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर त्याच सुमारास वसलेल्या लेव्हिटाउन या प्रसिद्ध वसाहतीत गोऱ्यांखेरीज इतरांनी राहू नये, असे कलम करारातच होते. अशी कलमे न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला, आणि घरांच्या व्यवहारांतील वंशभेदास १९६८ च्या कायद्याने मनाई केली. तोपर्यंत एक पिढी उलटून गेली होती. कर्ज नाकारले गेल्याने घर नाही, आणि घर नाही म्हणून पुढच्या पिढीला वारसा नाही, अशी ही साखळी होती.

आपल्याकडे सैनिकांच्या घरांसाठी निराळा मार्ग निवडण्यात आला. १९७८ मध्ये स्थापन झालेली आर्मी वेलफेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन ही संस्था स्वतः वसाहती बांधते आणि ना नफा ना तोटा या तत्त्वावर ती घरे सैनिकांना देते. अमेरिकी योजना घर बांधीत नाही, घर दाखवीतही नाही. सैनिकाने बाजारात जावे, घर निवडावे, आणि व्यवहाराची जबाबदारीही स्वतःच पत्करावी, असे तिचे स्वरूप आहे.

हमी कशी चालते

योजनेचे काम पूर्वी माजी सैनिक प्रशासनाकडे होते; १९८९ मध्ये त्याचे मंत्रिमंडळीय दर्जाच्या खात्यात रूपांतर झाले. आज सामान्यतः कर्जाच्या २५ टक्के रकमेची हमी हे खाते घेते. १ लाखाच्या कर्जावर पहिल्या २५ हजारांच्या नुकसानीची झळ बँकेला लागत नाही, म्हणून बँक रोख भरणा न मागता संपूर्ण किमतीइतके कर्ज देण्यास राजी होते. बिनभरण्याच्या इतर कर्जदारांना कर्जबुडीच्या विम्याचा जो मासिक हप्ता भरावा लागतो, तोही येथे नसतो. संपूर्ण हमी-हक्क शिल्लक असणाऱ्या सैनिकास १ जानेवारी २०२० पासून कर्जाच्या रकमेची सरकारी मर्यादा उरलेली नाही. अर्थात, त्याची ऐपत किती हे बँक पाहतेच.

ही हमी सर्वस्वी फुकट नाही. १९८२ पासून तीवर शुल्क आकारण्यात येऊ लागले. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार, एकही डॉलर रोख न भरता पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्यास कर्जाच्या २.१५ टक्के, तर दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर घेणाऱ्यास ३.३ टक्के शुल्क पडते. किमतीच्या ५ टक्के रक्कम रोख भरल्यास ते दोघांनाही दीड टक्का होते. सेवेतील अपंगत्वाबद्दल भरपाई मिळणाऱ्या सैनिकास शुल्क माफ आहे. सेवेमुळे मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या लाभार्थी पत्नीस अथवा पतीसही ते माफ आहे. शुल्काची रक्कम कर्जातच मिळविता येते. ही सवलत सोयीची दिसते खरी. पण तीमुळे घराच्या पहिल्या दिवशीच कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठे असते.

कर्जदाराची ऐपत ठरविण्याची या खात्याची एक रीत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. उत्पन्नाशी कर्जहप्त्यांचे प्रमाण सर्वच बँका पाहतात, आणि येथे त्यासाठी ४१ टक्के हा मापदंड आहे. परंतु त्याशिवाय कर, घराचा हप्ता, वीज-पाणी-देखभाल व इतर कर्जे वजा जाता घरखर्चासाठी प्रत्यक्ष किती डॉलर उरतात, हेही मोजले जाते. चार माणसांच्या कुटुंबासाठी दक्षिणेकडील राज्यांत दरमहा किमान १,००३ डॉलर आणि पश्चिमेकडे १,११७ डॉलर शिल्लक राहिले पाहिजेत, असा दंडक ठरलेला आहे. छावणीतील स्वस्त भांडाराचा लाभ घेता येणाऱ्या सैनिकासाठी या रकमेत थोडी सूटही मिळते. प्रमाणाच्या आकड्यात न दिसणारे चुलीचे गणित या रीतीने मांडले जाते, आणि रोख भरणा नसतानाही ही कर्जे तुलनेने कमी बुडतात याचे श्रेय अनेक जाणकार या पद्धतीस देतात.

हुकूम हाती आल्यापासून किल्ली मिळेपर्यंत

ठाणेबदलीचा हुकूम निघाल्यापासून नव्या ठिकाणी हजर होण्यापर्यंतचा काळ कित्येकदा दोन-तीन महिन्यांचाच असतो. नवे शहर हजार-दीड हजार मैलांवर असते. घर शोधण्यासाठी वरिष्ठांच्या संमतीने दहा दिवसांपर्यंतची रजा मिळू शकते, आणि ती रजेच्या खात्यातून वजा होत नाही. तेवढ्या दिवसांत वस्ती पाहावयाची, शाळा पाहावयाच्या, घर पसंत करावयाचे. ज्यांना तेवढाही अवधी मिळत नाही, ते छायाचित्रे पाहून घर घेतात. तीस वर्षांच्या कर्जाचा निर्णय छायाचित्रांवर घेणे हे धाडसच म्हटले पाहिजे.

शहाणा सैनिक घर पाहण्यापूर्वीच दोन कामे उरकून घेतो. पहिले म्हणजे खात्याकडून पात्रता प्रमाणपत्र मिळविणे. सेवेत असणाऱ्याने त्यासाठी आपल्या पलटणीच्या कार्यालयाकडून सेवेचा दाखला जोडावयाचा असतो. या प्रमाणपत्रावरच आपला हमी-हक्क पूर्ण आहे की त्यातील काही भाग पूर्वीच्या घरात अडकलेला आहे, हे समजते. दुसरे म्हणजे बँकेकडून कर्जाची पूर्वसंमती घेणे. उत्पन्न मोजताना मूळ पगाराबरोबर घरभाडे भत्ताही धरला जातो, आणि त्यावर आयकर नसल्याने त्याचे वजन काहीसे अधिक पडते. हा भत्ता हुद्दा, अवलंबून असणारी कुटुंबीय मंडळी आणि ठाण्याचा परिसर यांवरून ठरतो. आणि त्याचा आधार त्या भागातील घरभाडी हा असतो, घरांच्या किमती हा नव्हे. तेव्हा भाडी कमी पण घरे महाग अशा शहरात भत्त्यातून हप्ता भागेल, असे गृहीत धरता येत नाही.

घर पसंत पडले की इसार देऊन करार होतो. त्यानंतर खाते आपल्या नामिकेतील मूल्यमापक नेमते. तो दोन गोष्टी तपासतो. घराची वाजवी किंमत किती, ही पहिली गोष्ट. आणि घर राहण्यास सुरक्षित, मजबूत व आरोग्यदायी आहे काय, ही दुसरी. छप्पर, ऊब देणारी यंत्रणा, पिण्याचे पाणी, सांडपाण्याची सोय यांकडे तो लक्ष देतो, आणि बऱ्याच भागांत वाळवीची तपासणी निराळी करावी लागते. मूल्यमापकाची किंमत कराराच्या किमतीपेक्षा कमी भरणार, अशी चिन्हे असतील, तर तो ते आधी कळवितो आणि दोन कामकाजी दिवसांत त्या परिसरातील अन्य विक्रींचे दाखले सादर करण्याची संधी देतो. या पद्धतीचा आरंभ व्हर्जिनियाच्या टाइडवॉटर नावाच्या किनारी भागात झाला, म्हणून तिलाही तेच नाव मिळाले. त्यानंतरही किंमत कमीच ठरली, तर सैनिकास करार मोडून इसाराची रक्कम परत घेता येते. तसे कलम करारात असलेच पाहिजे, असा नियम आहे. नवख्या शहरात घाईने घर घेणाऱ्याला यासारखे दुसरे संरक्षण नाही. मात्र ही पाहणी म्हणजे घराची सखोल तपासणी नव्हे. ती स्वखर्चाने वेगळी करून घ्यावी, असेच खातेही सांगते. विक्रेत्यांना हे सगळे सोपस्कार नकोसे वाटतात आणि चढत्या बाजारात ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला पसंती देतात, ही तक्रारही नेहमी ऐकू येते.

हे कर्ज स्वतः राहण्यासाठीच्या घरास मिळते. साधारणपणे ६० दिवसांत आपण तेथे राहावयास जाऊ, असे लिहून द्यावे लागते. सैनिक परदेशी मोहिमेवर असेल, तर पत्नी किंवा पती तेथे राहिल्यास अट पुरी होते. २०१२ च्या कायद्याने अवलंबून असणाऱ्या अपत्याच्या वास्तव्याचाही यात समावेश झाला आहे. खरेदीखताच्या दिवशी सैनिक दूर असल्यास मुखत्यारपत्रावर काम चालते. पण हमी-हक्क नेमका याच व्यवहारासाठी वापरण्यास त्याची संमती आहे, हे त्यातून अगर अन्य लेखातून स्पष्ट झाले पाहिजे. याशिवाय आणखी एक खातरजमा बँकेला करावी लागते. त्या दिवशी तो सैनिक जिवंत आहे आणि बेपत्ता म्हणून नोंदला गेलेला नाही, याची. घरखरेदीच्या कागदपत्रांत अशी नोंद अन्यत्र क्वचितच सापडेल.

दोन वर्षांचा हिशेब

कर्ज मिळाले, घर झाले, आणि दोन वर्षांनी पुढील हुकूम आला, असे धरून चालू. उदाहरणादाखल, व्हर्जिनियातील हॅम्प्टन येथील लँगली हवाई तळावर असणाऱ्या एका तंत्रज्ञाने ३ लाख डॉलरचे घर काहीही रोख न भरता घेतले. २.१५ टक्के शुल्काचे ६,४५० डॉलर कर्जात मिळविले. ३,०६,४५० डॉलरच्या या कर्जावर साडेसहा टक्के व्याजाने तीस वर्षांसाठी दरमहा सुमारे १,९३७ डॉलरचा हप्ता बसतो. मालमत्ता कर आणि विमा निराळा. चोवीस हप्त्यांत त्याने जवळजवळ ४६,५०० डॉलर भरले. त्यांतून मुद्दल किती फिटले? सुमारे ७,१०० डॉलर. म्हणजे दोन वर्षांच्या हप्त्यांनी शुल्काची भर तेवढी नाहीशी झाली, आणि घराच्या मूळ किमतीपैकी हजारभर डॉलरही फिटले नाहीत.

आता त्याला घर विकावयाचे आहे. भाव होता तेवढाच राहिला आणि दलाली व इतर खर्च मिळून ५ टक्के गेले, तर हाती २ लाख ८५ हजार येतात, आणि देणे आहे २,९९,३७० डॉलर. मालकीहक्क खरेदीदाराच्या नावे होण्यासाठी या सैनिकाने १४ हजारांवर डॉलर स्वतःच्या खिशातून आणले पाहिजेत. भाव दोन वर्षांत ५ टक्के वाढले, तरी हा हिशेब जेमतेम बरोबरीला येतो. आरंभी रोख भरावे लागले नाही, ही या कर्जाची थोरवी. पण तीमुळेच लवकर निघून जाणाऱ्याजवळ पडत्या भावाचा धक्का झेलण्यास काहीही शिल्लक नसते. ज्या सैनिकास त्या ठाण्यावर दोन-तीन वर्षेच काढावयाची आहेत, त्याने भाड्याचे घर कमीपणाचे मानू नये. भाडेकरू म्हणून त्यास कायद्याचे संरक्षणही आहे. बदलीचा हुकूम जोडून लेखी सूचना दिल्यावर, भाड्याच्या पुढील देय तारखेनंतर ३० दिवसांनी त्याचा भाडेकरार दंडाशिवाय संपतो. कर्ज संपविण्याचा असा मार्ग घरमालक सैनिकास उपलब्ध नाही.

पुढील हुकूम

विकणे परवडत नसल्यास घर भाड्याने देणे, हा दुसरा मार्ग. खरेदीच्या वेळी तेथे राहण्याचा हेतू प्रामाणिक होता आणि सैनिक तेथे प्रत्यक्ष राहिला, तर पुढे बदलीमुळे ते घर भाड्याने देण्यास योजनेची हरकत नाही. अनेक सैनिक कुटुंबांनी या मार्गाने एकामागून एक दोन-तीन घरे जोडली आहेत. परंतु हजार मैलांवरून भाडेकरू सांभाळणे, गळके छप्पर दुरुस्त करवून घेणे आणि घर रिकामे राहिले त्या महिन्याचा हप्ता भरणे, हे सारे पगारातूनच भागवावे लागते. आणि घरभाडे भत्ता आता नव्या ठाण्याच्या दराने मिळतो. जुन्या घराच्या हप्त्याशी त्याचा संबंध राहत नाही.

येथेच हमी-हक्काचा प्रश्न येतो. पहिले घर विकून कर्ज फिटले, तर सैनिकाचा हक्क त्याला पूर्ण परत मिळतो आणि तो कितीही वेळा वापरता येतो. घर ठेवले, तर मात्र त्यात गुंतलेला भाग अडकून राहतो. राहिलेल्या हक्कावर दुसरे घर किती किमतीचे घेता येईल, हे काउंटीनिहाय ठरलेल्या कर्जमर्यादेवरून काढतात. वरील तंत्रज्ञाची बदली टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे झाली, असे समजू. देशातील बहुतेक भागांसाठी २०२५ सालची मर्यादा ८,०६,५०० डॉलर होती. तिचे २५ टक्के म्हणजे २,०१,६२५. शुल्काची रक्कम सोयीसाठी बाजूला ठेवल्यास पहिल्या घरात ३ लाखांचे २५ टक्के, म्हणजे ७५ हजार अडकले आहेत. उरले १,२६,६२५. याच्या चौपट, ५,०६,५०० डॉलरपर्यंतचे घर तो रोख भरण्याशिवाय घेऊ शकतो. घर ६ लाखांचे असेल, तर वरच्या ९३,५०० डॉलरच्या चतुर्थांशाइतके, म्हणजे २३,३७५ डॉलर त्याला रोख भरावे लागतील. शुल्कही आता ३.३ टक्के. हा हिशेब पुष्कळांना दुसरा करार करून इसार देऊन झाल्यावर कळतो. वास्तविक तो पहिले घर भाड्याने देण्याचा निर्णय घेतानाच मांडावयास हवा.

तिसरा मार्ग, कर्जासह घर दुसऱ्याच्या स्वाधीन करणे. १ मार्च १९८८ पूर्वीची कर्जे खरेदीदार विनासायास आपल्या अंगावर घेऊ शकत असे. त्यानंतरच्या कर्जांसाठी संमती लागते. बाजारातील सरासरी व्याजदर जानेवारी २०२१ मध्ये पावणेतीन टक्क्यांच्याही खाली होता आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो पावणेआठ टक्क्यांवर गेला. साहजिकच जुन्या, स्वस्त कर्जासह मिळणाऱ्या घरांना गिऱ्हाइके धावून येऊ लागली. विक्रेत्या सैनिकाने अशा वेळी दोन गोष्टी सोडू नयेत. पुढील जबाबदारीतून आपण मुक्त झाल्याचे पत्र लेखी घ्यावे. आणि घेणारा स्वतः पात्र सैनिक असून आपल्या हमी-हक्काची अदलाबदल करण्यास तयार आहे काय, हे पाहावे. तो सामान्य नागरिक असल्यास, ते कर्ज फिटेपर्यंत, कदाचित पुढची पंचवीस वर्षे, विक्रेत्याचा हक्क त्या परक्या घरात गुंतून राहतो.

कराच्या बाबतीत कायद्याने सैनिकाची फिरती लक्षात घेतली आहे. विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षे घरात वास्तव्य असल्यास अविवाहितास अडीच लाख आणि जोडप्यास ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असतो. घरापासून ५० मैल अगर अधिक अंतरावर बदली झालेल्या सैनिकास हा पाच वर्षांचा काळ आणखी दहा वर्षांपर्यंत थांबवून ठेवण्याची सवलत २००३ च्या कायद्याने दिली आहे.

भाव कोसळतात तेव्हा

घरांचे भाव २००६ नंतर देशभर कोसळू लागले, तेव्हा वर मांडलेला दोन वर्षांचा हिशेब हजारो कुटुंबांना प्रत्यक्ष भोगावा लागला. हुकूम आला, जाणे भाग. घर विकले तर कर्ज फिटत नाही आणि भाड्याने दिले तर हप्ता निघत नाही. इतर नागरिक भाव सावरेपर्यंत त्याच घरात राहू शकत होते. सैनिकाला तेवढी सवड नव्हती. काही ठिकाणी सैनिक एकटाच नव्या ठाण्यावर गेला आणि कुटुंब जुन्या घरात मागे राहिले. छावण्या बंद झाल्याने ज्यांच्या घरांचे भाव पडतात, त्यांच्यासाठी १९६६ मध्ये सुरू केलेली एक साहाय्य योजना अस्तित्वात होती. २००९ च्या पुनरुत्थान कायद्याने तिच्यासाठी ५५ कोटी ५० लाख डॉलर दिले आणि तिची व्याप्ती त्या काळात बदली झालेल्या सैनिकांपर्यंत तात्पुरती वाढविली. बदलीच्या हुकमामुळे होणारे घराचे नुकसान हे काही अंशी शासनाचेही देणे आहे, हे तत्त्व त्यामुळे त्या प्रसंगापुरते मान्य झाले. पुढे ती वाढीव सवलत संपली.

सैनिकांच्या नागरी संरक्षणाच्या २००३ च्या कायद्याविषयीही एक गैरसमज आढळतो. कर्जावरील व्याज ६ टक्क्यांवर आणणे आणि न्यायालयाच्या हुकमाशिवाय घराची जप्ती होऊ न देणे, ही त्यातील दोन मोठी संरक्षणे आहेत. मात्र ती सैन्यात दाखल होण्यापूर्वी घेतलेल्या कर्जांना लागू होतात. नागरी जीवनातून अचानक बोलावून घेतलेल्या राखीव दलाच्या शिपायाला त्यांचा आधार मोठा. सेवेत असताना, बदलीच्या गावी, हमी-कर्जावर घर घेणाऱ्यास त्यांचा उपयोग नाही.

त्याच्यासाठी दुसरी वाट आहे. हप्ते थकू लागताच बँकेला आणि खात्याच्या कर्जविषयक अधिकाऱ्याला कळविणे, ही त्या वाटेवरची पहिली पायरी. हप्त्यांची फेरआखणी, काही काळ सूट, मुदत वाढविणे असे उपाय बँकेशी बोलून करवून घेण्यास खाते मदत करते. ३० जुलै २०२५ रोजी संमत झालेल्या कायद्यान्वये थकलेली रक्कम खात्याने बँकेला द्यावी आणि ती घरावरील दुय्यम बोजा म्हणून, मूळ कर्ज फिटताना अगर घर विकताना, वसूल करावी, असा अधिकारही देण्यात आला आहे. यांपैकी काहीच न साधल्यास, कर्जाहून कमी किमतीला घर विकण्यास संमती मिळू शकते. तशा विक्रीत खात्याला हमीपोटी जी रक्कम भरावी लागते, तिची परतफेड होईपर्यंत सैनिकाचा तेवढा हमी-हक्क पुन्हा वापरता येत नाही.